पंच चुकतात तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला, की शालेय क्रीडा स्पर्धांचे दिवस येतात. पिंपरी, निगडी, भोसरी, सांगवी, कुठल्याही मैदानाच्या कडेनं गेलात, तर चिखलानं माखलेली मुलं चेंडूमागं धावताना दिसतील. महाराष्ट्रात फुटबॉल म्हटलं की आपल्याला कोल्हापूर आठवतं, आणि ते बरोबरच आहे. पण या औद्योगिक पट्ट्यालाही फुटबॉल परका नाही. पन्नासच्या दशकात पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आले. त्यांच्यामागून देशभरातली माणसं इथं पोटापाण्यासाठी आली. केरळ, बंगाल, गोवा इथून आलेल्या कुटुंबांनी आपल्याबरोबर आपला खेळही आणला. शेजारीच देहूरोड आणि खडकीच्या लष्करी छावण्या. २००७ साली स्थापन झालेल्या पुणे एफसी या क्लबची निवासी अकादमी देहूरोडजवळ मामुर्डीलाच होती. तो क्लब आता राहिला नाही, पण फुटबॉल खेळणारी मुलं मात्र वाढलेली आहेत. मुलीही खेळताहेत, हे विशेष.

आज मला बोलायचं आहे ते मात्र या मुलांविषयी कमी आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या आपल्याविषयी जास्त. आपण म्हणजे आईवडील, शिक्षक, प्रशिक्षक, माजी विद्यार्थी, आणि सहज बघायला थांबलेले रस्त्यावरचे लोक.

शालेय सामन्यात शिट्टी कोणाच्या तोंडात असते, हे आपण कधी पाहिलं आहे का? बहुतेक वेळा तो दुसऱ्या एखाद्या शाळेचा क्रीडाशिक्षक असतो, नाहीतर पंचांची परीक्षा देऊन नुकताच उभा राहिलेला महाविद्यालयातला मुलगा किंवा मुलगी. हातात पडणारं मानधन बेताचंच. दिवसात तीन-तीन, चार-चार सामने. वर ऊन, नाहीतर पाऊस. रेषेवर झेंडा घेऊन उभा राहणारा मदतनीस मिळाला तर नशीब. चुन्याच्या रेषा पहिल्या सामन्यातच चिखलात गेलेल्या. विश्वचषकात २०१८पासून पंचांच्या मदतीला व्हिडिओ आला. आपल्या शालेय मैदानावर पंचाच्या मदतीला त्याचे दोन डोळे आणि दोन पाय एवढंच असतं. अशा माणसाकडून चूक होणारच. ऑफसाइड हुकणार, कॉर्नरच्या जागी गोलकिक दिली जाणार, धक्का कोणी कोणाला दिला हे एखाद्या वेळी उलटंच दिसणार.

आणि मग कडेवरून आवाज सुरू होतात. “ओ पंच, चष्मा लावा!” “किती घेतले त्यांच्याकडून?” हे म्हणणारी माणसं वाईट असतात असं मुळीच नाही. घरी ती शांत असतात, कामावर शिस्तीत वागतात. पण आपलं पोर मैदानात उतरलं, की त्यांच्यातलं काहीतरी सुटतं. आतमध्ये बारा-तेरा वर्षांचा मुलगा हे सगळं ऐकत असतो. पाच मिनिटांपूर्वी तो शिट्टी वाजली की चेंडू खाली ठेवून मागं सरत होता. आता तो हात पसरून पंचाच्या अंगावर जातो. हे त्याला प्रशिक्षकानं शिकवलेलं नसतं, पुस्तकातही नसतं. ते त्यानं कडेवरून उचललेलं असतं.

असं का होतं, याचं एक कारण आपल्या स्पर्धांच्या रचनेत आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेचं क्षेत्र शालेय स्पर्धांसाठी स्वतंत्र जिल्ह्यासारखं धरलं जातं. चाकणची शाळा मात्र खेड तालुक्यातून पुणे जिल्ह्याच्या स्पर्धेत जाते. पुढं विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय स्पर्धा. शाळांच्या फुटबॉलमधला मानाचा सुब्रतो चषक १९६०पासून खेळला जातो, त्याचा रस्ताही असाच पायरीपायरीनं जातो. यातले बरेचसे सामने बाद पद्धतीचे. हरलात की घरी. म्हणजे ज्या संघानं वर्षभर पहाटे उठून सराव केला, त्याचं वर्ष एका पावसाळी सकाळी तासाभरात संपू शकतं. त्यात दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यामुळं पंचाची एक शिट्टी पालकाला मुलाच्या भविष्यावरचा निकाल वाटू लागते. एवढा भार एका शिट्टीला पेलवत नाही.

हे फक्त फुटबॉलचं नाही. आपल्या मातीतल्या कुस्तीकडेच पाहा. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या राक्षेवाडीचे शिवराज राक्षे. २०२३ या एकाच वर्षात, जानेवारीत पुण्याला आणि नोव्हेंबरमध्ये धाराशिवला, त्यांनी महाराष्ट्र केसरीची गदा दोनदा उचलली. सगळ्या तालुक्याला अभिमान वाटावा असा मल्ल. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत पुणे जिल्ह्याच्याच पृथ्वीराज मोहोळ यांच्याशी त्यांची लढत झाली आणि पंचांनी राक्षे चितपट झाल्याचा निर्णय दिला. आपली पाठ पूर्ण टेकलीच नव्हती, व्हिडिओ पाहा, अशी त्यांची मागणी होती. वाद वाढला. रागाच्या भरात त्यांनी पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्यानंतर अंतिम कुस्तीत सोलापूरचे महेंद्र गायकवाडही पंचांच्या निर्णयावर चिडून आखाडा सोडून गेले. दोघांवरही तीन-तीन वर्षांची बंदी जाहीर झाली.

श्रोतेहो, पाठ टेकली होती की नव्हती, यावर गावोगावच्या पारांवर पुष्कळ चर्चा झाली. मी त्यात शिरत नाही. आपण क्षणभर असं धरून चालू, की पंचांची चूकच झाली होती. तरीसुद्धा काय झालं ते बघा. लाथ मारली गेली त्या क्षणापासून निर्णय बरोबर की चूक, हा प्रश्न मागं पडला आणि लोक फक्त लाथेबद्दल बोलू लागले. ज्याच्याकडं कदाचित खरी तक्रार होती, त्याची तक्रारच बुडाली. पंचावर हात उगारणारा खेळाडू सर्वांत मोठं नुकसान स्वतःचं करून घेतो, ते असं. अन्याय झाला असेल, तर दाद मागण्याची जागा त्याच्या हातातून निसटते.

दुसरं उदाहरण दूरच्या देशातलं आहे, आणि ते सांगताना जीव जड होतो. २ डिसेंबर २०१२. नेदरलँड्समधलं अल्मेरे नावाचं शहर. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचा क्लबांमधला सामना होता. रेषेवर झेंडा घेऊन एक ४१ वर्षांचे गृहस्थ उभे होते. ते पगारी पंच नव्हते. त्यांचा मुलगा संघात खेळत होता, म्हणून हौसेनं मदतीला आले होते. आपल्याकडं एखादे पालक पाण्याच्या बाटल्या घेऊन येतात, तसे. त्यांच्या निर्णयांवर पाहुण्या संघाची मुलं चिडली. सामना संपल्यावर त्यांनी या गृहस्थांना खाली पाडून लाथा मारल्या. दुसऱ्या दिवशी ते गेले. पुढच्या शनिवार-रविवारी त्या देशातलं सगळं हौशी फुटबॉल बंद ठेवण्यात आलं. २०१३ साली न्यायालयानं सहा किशोरवयीन मुलांना दोषी ठरवलं, आणि त्यांच्याबरोबर एका खेळाडूच्या वडिलांनाही. वडिलांना सहा वर्षांची शिक्षा झाली. मुलांच्या बरोबरीनं एक बाप आरोपी होता, ही गोष्ट आपण नीट ऐकावी अशी आहे.

असं टोक आपल्या शाळांच्या मैदानावर गाठलं जावं असं कोणालाच वाटत नाही. पण पायऱ्या त्याच असतात. आधी टोमणा, मग शिवी, मग धक्का. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे सामने पाहणं हा आनंदाचा भाग आहे. पेठापेठांतून येणारी गर्दी, ती ईर्ष्या, ते प्रेम इतरत्र क्वचितच दिसतं. त्याच मातीतला अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण त्याच मैदानावर समर्थकांच्या हुल्लडबाजीमुळं सामने थांबवावे लागले आहेत आणि पोलिसांना मध्ये पडावं लागलं आहे. खेळावरचं प्रेम आणि खेळाचा आदर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली असली म्हणून दुसरी आपोआप येत नाही.

आता कोणी विचारील, पंचाला एवढा मान का द्यायचा? तो काय देव आहे? नाही. आपल्याकडं ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणतात, पण तिथंही मुखं पाच असतात. चार जणांनी एकत्र बसून ठरवलं ते मानायचं, एवढाच त्याचा अर्थ. फुटबॉलचा इतिहासही असाच आहे. सुरुवातीला या खेळात पंचच नव्हता. खेळाडू आपसांत ठरवून घेत. मग प्रत्येक संघ आपापला एक पंच आणू लागला आणि दोघांचं पटलं नाही, तर मैदानाबाहेर बसलेल्या तिसऱ्याला विचारू लागला. ते भांडण मिटेना, तेव्हा १८९१ साली त्या तिसऱ्याला मैदानाच्या आत आणून अखेरचा अधिकार देण्यात आला. भाषेची अडचण आली म्हणून १९७०च्या विश्वचषकात पिवळं आणि लाल कार्ड आलं. म्हणजे पंच वरून कोणी लादलेला नाही. आपल्याला एकमेकांशी भांडत न बसता खेळता यावं, म्हणून खेळाडूंनीच एकाला सांगितलं, की बाबा, तू ठरव, आम्ही ऐकू. या ‘आम्ही ऐकू’वर सगळा खेळ उभा आहे. तो बरोबर असतो म्हणून त्याचं ऐकायचं नसतं. कोणाचं तरी ऐकल्याशिवाय खेळ होतच नाही, म्हणून ऐकायचं.

आमच्या पट्ट्यातल्या कामगार पालकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. तयार झालेला जॉब तपासणीला गेला आणि नापास होऊन परत आला, तर कोणी तपासनिसाची कॉलर धरत नाही. शंका असेल तर रीतसर पुन्हा मोजायला लावतात, वरच्या साहेबाला सांगतात, नोंद करतात. तोवर लाइन चालू राहते. कंपनीत आठ तास पाळतो ती रीत मैदानावर तासभर पाळणं अवघड जाऊ नये.

आणि पंचांचा मान राखणं म्हणजे गप्प बसून अन्याय सोसणं, असंही नव्हे. खेळभावनेचा खरा अर्थ त्याच्याही पुढं जातो. पंचांना दिसलं नाही ते मला माहीत आहे, अशा वेळी मी काय करतो, इथं तो कळतो. १९८६च्या विश्वचषकात मॅराडोनानं हातानं केलेला गोल ट्युनिशियाचे पंच अली बेन्नासूर यांना दिसला नाही. मॅराडोना गप्प राहिला, गोल धरला गेला. जगानं त्या खेळाडूला डोक्यावर घेतलं आणि पंचांच्या माथी मात्र ती चूक कायमची बसली. जवळजवळ तीस वर्षांनी, २०१५ साली, मॅराडोना ट्युनिशियाला त्यांच्या घरी गेला आणि त्यांना आपली जर्सी भेट दिली. ती भेट मनाला भावते, पण वाटतं, तीस वर्षं थोडी जास्तच झाली. याउलट सप्टेंबर २०१२मध्ये इटलीत लाझिओकडून खेळताना जर्मनीच्या मिरोस्लाव्ह क्लोजचा गोल पंचांनी मान्य केला होता. क्लोज स्वतःहून म्हणाला, चेंडू माझ्या हाताला लागला. गोल रद्द झाला. लाझिओ तो सामना तीन-शून्य असा हरला. पण त्या सामन्याची आठवण आज निघते, ती क्लोजच्या त्या वाक्यामुळं.

क्रिकेटप्रेमी श्रोत्यांना फेब्रुवारी १९८०चा मुंबईतला सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना आठवत असेल. वानखेडेवर इंग्लंडचा बॉब टेलर बाद दिला गेला होता. भारताचा कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ याला खात्री होती, की बॅट लागलेली नाही. त्यानं टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथम यांची भागीदारी रंगली आणि भारत दहा गडी राखून हरला. विश्वनाथच्या शतकांबद्दल आपण बोलतो, तितक्याच अभिमानानं या हरलेल्या सामन्याबद्दल बोलतो. आणि त्यानं पंचांवर आवाज चढवला नव्हता, हेही लक्षात घ्या. पंचांचा निर्णय त्याला चुकीचा वाटला, तेव्हा त्यानं स्वतःचं नुकसान करून तो दुरुस्त केला. आपली तऱ्हा उलटी असते. निर्णय आपल्याविरुद्ध चुकला की आपण ओरडतो, आणि आपल्या बाजूनं चुकला की आकाशाकडं बघतो.

याच्याच जवळची आणखी एक गोष्ट थोडक्यात सांगतो. वय चोरून मुलांना खालच्या गटात खेळवण्याचा रोग आपल्या देशात जुना आहे. आता मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय तपासतात, त्यामुळं काही आळा बसला आहे. पण मशीन लावावं लागतं, यातच सगळं आलं. सोळा वर्षांचा मुलगा चौदाच्या गटात उतरवला, तर समोरचा खराखुरा चौदा वर्षांचा मुलगा आपण खेळण्याआधीच हरवलेला असतो. त्याची संघातली जागा, त्याचा आत्मविश्वास, कधी कधी त्याचा पायसुद्धा आपण मोडतो. जो प्रशिक्षक असा खोटा दाखला हातात ठेवून मुलांना ‘खेळाडू वृत्ती’ शिकवायला उभा राहतो, त्याचं मुलं ऐकतील कशी?

मग करायचं काय? मोठमोठ्या समित्या नेमण्याची गरज नाही. शाळांना आणि पालकांना उद्यापासून करता येण्यासारख्या चार गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट. पंचांशी बोलेल तो फक्त कर्णधार. २०२४च्या युरोपियन अजिंक्यपद स्पर्धेत हाच नियम केला होता आणि पंचांभोवती होणारी झुंबड कमी झालेली सगळ्या जगानं पाहिली. शाळेच्या संघाला तर हे फार उपयोगाचं आहे. कर्णधार झालेल्या मुलाला शांतपणे, नेमकं आणि अदबीनं विचारायला शिकावं लागतं. “सर, तो फाउल कशासाठी होता?” असं विचारता येणं हे मोठेपणी मुलाखतीला, कचेरीत, सगळीकडं कामाला येतं.

दुसरी गोष्ट. प्रत्येक खेळाडूनं वर्षातून निदान दोन सामन्यांत स्वतः शिट्टी घ्यावी. नववीच्या मुलांनी पाचवी-सहावीच्या सामन्यांना पंच व्हावं. ज्यानं एकदा बावीस जणांचा आरडाओरडा अंगावर घेत निर्णय दिला आहे, त्याच्या तोंडून पंचांना शिवी सहसा निघत नाही. यातूनच पुढचे चांगले पंचही मिळतील, आणि त्यांची आपल्याला गरज आहे. शिव्या खायला कोण येणार, असं म्हणून तरुण मुलं शिट्टी खाली ठेवू लागली, तर पोरांचे सामने घेणार कोण?

तिसरी गोष्ट. शाळाशाळांनी आपसांत साखळी पद्धतीचे सामने खेळावेत. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं २०१८पासून लहान मुलांसाठी ‘गोल्डन बेबी लीग’ सुरू केली. तिच्यामागची कल्पना हीच, की मुलांनी हरून घरी न जाता पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळावं. पुढच्या रविवारी याच मुलांशी पुन्हा गाठ आहे, हे माहीत असलं की भाषा सुधारते. चाकण, तळेगाव, भोसरी, निगडी इथल्या शाळांनी अशा छोट्या साखळ्या आपल्या आपण उभ्या केल्या, तर एका शिट्टीवर सगळं वर्ष टांगलेलं राहणार नाही. या पट्ट्यातल्या कारखान्यांनी आपली मैदानं रविवारी उघडी केली, तर सोन्याहून पिवळं.

आणि चौथी गोष्ट पालकांसाठी. मैदानाच्या रेषेपासून चार पावलं मागं उभे राहा. टाळ्या दोन्ही संघांना वाजवा. निर्णय चुकला असं वाटलं, तर तोंडातून शब्द निघण्याआधी मनात दहा आकडे मोजा. दहा मोजून होईपर्यंत चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असतो. घरी जाताना मुलाला, “जिंकलास का?” हे विचारण्याआधी, “मजा आली का?” हे विचारा. आणि तो म्हणाला, “पंचांमुळं हरलो,” तर त्याच्या हो ला हो मिळवू नका. त्याला विचारा, “बरं, उरलेल्या वेळात आपण काय केलं?”

श्रोतेहो, आपली बहुतेक मुलं मोठेपणी फुटबॉलपटू होणार नाहीत. ती कामगार होतील, इंजिनीअर होतील, दुकान चालवतील, शेती करतील. पण आपल्याविरुद्ध गेलेले निर्णय त्या सगळ्यांच्या वाट्याला येणार आहेत. साहेबाचे, परीक्षकाचे, कोर्टाचे, कधी घरातल्या माणसांचे. काही बरोबर असतील, काही चूक. त्या वेळी कॉलर धरायची, तोंड लपवायचं, की ताठ उभं राहून आपलं म्हणणं मांडायचं आणि पुन्हा खेळायला लागायचं, हे शिकवणारी जागा मुलांना शाळेच्या मैदानाइतकी सोपी आणि स्वस्त दुसरीकडं मिळणार नाही. तिथं झालेल्या चुकीची किंमत फार तर एक गोल असते.

येत्या शालेय सामन्याला जरूर जा. आपल्या मुलासाठी जा, शेजारच्या मुलीसाठी जा. सामना संपला, निकाल काहीही लागला, तरी आणखी दोन मिनिटं थांबा. त्या घामाघूम पंचाकडं मुलाला घेऊन जा आणि दोघंही त्याच्याशी हस्तांदोलन करा. बाकी काही बोलायची गरज नाही.